रिकाम्या गाडीचे हादरे

चाकाच्या मधोमध टेपचं एक टोक धरायचं, वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्यायचं आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. मी तो विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर लिहायचा. मार्चमधल्या त्या सकाळी मेलबर्नच्या पॉइंट कुक भागात, धाकट्या भावाच्या दारात आमचं एवढंच काम चाललं होतं. चारी चाकांची मापं झाली. मग शेखरनं कॅरव्हॅनच्या पुढच्या छोट्या चाकाचा दांडा फिरवायला घेतला. दर फेऱ्याला कॅरव्हॅनचं नाक थोडं खाली आलं, गाडीच्या मागं बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकलं आणि मग सगळा भार गाडीनं अंगावर घेतला. गाडी मागून बसली. आवाज झाला नाही, काही मोडलं नाही. मागचा पत्रा चाकाच्या जवळ आला आणि बोनेट थोडं आभाळाकडं बघायला लागलं, इतकंच. पुन्हा मापं घेतली. मागं पाच सेंटिमीटर खाली, पुढं दीड सेंटिमीटर वर.

"बघितलंस दादा? कमान बसली."

त्या गाडीला कमान नव्हतीच. मागं जाड तारेच्या गोल स्प्रिंगा होत्या. पण आमच्या वडिलांचा, आण्णांचा, टेल्कोचा ट्रक होता आणि आम्ही दोघं भाऊ कराडला त्याच्या चाकांच्या आसपासच वाढलो. शेखर इतकी वर्षं परदेशात संगणकासमोर बसतो, पण गाडीखाली वाकला की त्याच्या तोंडी आण्णांचेच शब्द येतात.

माझ्या हिशेबानं पाच सेंटिमीटर म्हणजे काहीच नव्हतं. शेखरनं बिलाचा कागद घेतला आणि एक रेघ ओढून मला गणित समजावलं. सामान भरलेली कॅरव्हॅन दोन हजार किलोंची. त्यातलं साधारण दहा टक्के वजन जोडाच्या गोळ्यावर यावं, असा ऑस्ट्रेलियातला रिवाज. म्हणजे दोनशे किलो. पण हा गोळा काही मागच्या चाकांच्या डोक्यावर नसतो. तो आखाच्या मागं सव्वा मीटरच्या आसपास लोंबता असतो, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर पावणेतीन मीटरांचं. त्यामुळं तरफ लागते. मागं दोनशे किलो टांगले की मागच्या आखावर पावणेतीनशेच्या वर जातात आणि पुढच्या चाकांवरचे ऐंशी-नव्वद किलो उचलले जातात. पुढची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतात, पण रस्ता नीट धरत नाहीत. स्टिअरिंग हलकं लागतं आणि नवख्याला वाटतं, वा, गाडी किती सहज वळतेय! रात्री दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि तो बिचारा लांबूनच डिपर मारत राहतो.

हे सगळं मला नवं नव्हतं. फक्त आकड्यांत कधी ऐकलं नव्हतं. मळ्यातून कडबा आणताना गाडीवर चढलेला माणूस पेंढ्या रचता रचता खालच्याला मधूनच ओरडून सांगायचा, "जू बघ रे!" मागं जास्त भरली तर गाडी उलार होते, जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळले जातात. पुढं जास्त भरली तर सगळं त्यांच्या मानेवर. दोन्हींच्या मधे एक जागा असते, तिथं गाडी तोललेली राहते आणि मानेवर फक्त हात ठेवल्याइतका भार येतो. तेवढा मात्र यावाच लागतो. कॅरव्हॅनचंही तेच. गोळ्यावरचं वजन फार कमी झालं तर ती वेगात शेपूट हलवायला लागते, आणि दोन टनांचं घर डावी-उजवीकडं झुलायला लागलं की पुढच्या गाडीलाही घेऊन जातं. तसं झालं तर जोरात ब्रेक दाबायचा नाही. पाय उचलायचा आणि कॅरव्हॅनचे ब्रेक तेवढे हातानं लावायचे, असं शेखरनं मला दोनदा बजावलं. गाडी मी चालवणार नव्हतो, तरीही.

आण्णांच्या ट्रकची कमान बसली की तो कोल्हापूर नाक्याजवळच्या एका पाटेवाल्याकडं जायचा. शाळा सुटली की आम्हीही तिथं. मिस्त्री आधी यू-बोल्टांवर रॉकेल सोडायचा, मग पान्याच्या दांड्याला पाइप लावून दोन माणसं लोंबकळायची. बोल्ट सुटले की कमानीचा एकेक पाटा वेगळा होऊन जमिनीवर पडायचा. सगळ्यांत लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना वळवलेले डोळे. मग त्याहून आखूड, त्याहून आखूड. मिस्त्री बसका झालेला पाटा ऐरणीवर आडवा धरायचा आणि पोऱ्या घण मारायचा. न तापवता, थंडच. घाव एका जागी नाही. टोकापासून मध्याकडं, दर घावाला पाटा दोन बोटं सरकवत. दहा-बारा घावांनंतर मिस्त्री तो उचलून दुसऱ्या बाजूच्या चांगल्या पाट्यावर ठेवायचा आणि दोघांमधली फट डोळा बारीक करून बघायचा. पट्टी नाही, माप नाही. फट बुजली की झालं. मग वंगण लावून सगळी चळत पुन्हा बांधायची. आण्णांना घाई असली आणि माल जास्त असला की ते म्हणायचे, "एक पाटा चढव." मिस्त्री विचारायचा, "मालक, परत येताना माल असतोय का?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला फार उशिरा कळला. ट्रकला हेल्परचे वेगळे पाटे असतात. ते मूळ कमानीच्या वर नुसते आडवे पडलेले असतात. ओझं येऊन कमान दबली की मगच ते टेकतात आणि कामाला लागतात. पण मूळ कमानीत चढवलेला जादा पाटा बारा महिने कामावर असतो. ट्रक भरलेला असो की रिकामा, त्याचा ताठा तोच. आण्णा गूळ भरून मशीद बंदरला जायचे. खंबाटकी, कात्रज, बोरघाट. भरला ट्रक अंग सांभाळून चालायचा, खड्डा आला तरी नुसता डुलायचा. परतीचा माल मिळाला नाही की तोच ट्रक त्याच रस्त्यावर असा काही आदळायचा की किन्नरला झोप लागायची नाही आणि आण्णांच्या डब्यातलं कालवण झाकणातून बाहेर यायचं. सुट्टीत मी एकदा त्या रिकाम्या ट्रकमधून आलो. माणसाला भरलेल्या गाडीत जास्त सुख लागतं, हे तेव्हा पाठीनं शिकलो.

पाटा चढवला म्हणून पासिंग वाढत नाही, हे आण्णा सगळ्यांना सांगायचे आणि स्वतः मात्र कधीमधी विसरायचे. शेखरनं दार उघडून चौकटीवरची धातूची पट्टी दाखवली तेव्हा मला हसू आलं. गाडीचं एकूण वजन किती चालेल, ते त्या पट्टीवर ठरवून दिलेलं. मागं कितीही मजबुती करा, हा आकडा हलत नाही. तो वाढवायचा तर सरकारमान्य बदल करून, कागद करून घ्यावे लागतात. कारण स्प्रिंग म्हणजे सगळी गाडी नव्हे. त्याखाली आख आहे, बेअरिंग आहेत, टायर आहेत, ब्रेक आहेत. मागचा भाग वर आला की डोळ्याला बरं वाटतं. आखाला ओझं होतं तेवढंच राहतं. पुढून गेलेले ऐंशी किलोही नुसतं मागं उचलून परत येत नाहीत. त्यासाठी दोन पोलादी दांड्यांचा वेगळा जोड मिळतो. साखळ्यांनी ताणला की तो ओझ्यातला काही वाटा पुढच्या चाकांकडं परत पाठवतो.

शेखरनं स्वीकारलेला उपाय मात्र मी पूर्वी बघितला नव्हता. गोल स्प्रिंगच्या पोटात बसवायच्या रबरी पिशव्या. लाल रंगाच्या, वीतभर लांबीच्या, प्रत्येकीला एक बारीक नळी. गाडी जॅकवर घेऊन मागची चाकं लोंबती सोडली, तशी स्प्रिंग मोकळी होऊन लांबली. आतला रबरी ठोकळा निघाला. पिशवीतली हवा दाबून काढून, तिची गुंडाळी करून शेखरनं ती दोन वेढ्यांमधून आत सारली. अंगठ्यानं रेटत, थोडा साबण लावत, जिभेचं टोक दातात धरून. आत गेल्यावर पिशवी उलगडली आणि स्प्रिंगच्या पोटाशी नीट बसली. दोन्हीकडच्या नळ्या वेगवेगळ्याच नंबरप्लेटपाशी आणल्या. एकत्र जोडल्या तर वळणावर एका बाजूची हवा दुसरीकडं पळते आणि गाडी जास्तच कलते. मग त्यानं गॅरेजमधून मुलाच्या सायकलचा पंप आणला.

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण पिशवी छोटी, तिला हवा ती किती लागणार! पंपाचे मोजके फटके पडले आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडीची मागची बाजू वर यायला लागली. काट्यावर पंचवीस पौंड. टेप लावली, गेलेल्या पाच सेंटिमीटरांतले जवळजवळ सगळे परत आले. सायकलच्या पंपानं दोन टनांची गाडी उचलणारा भाऊ घाम पुसत उभा होता आणि त्याची बायको मेघना खिडकीतून विचारत होती, "झालं का? पोहे गार होतायत."

पलीकडच्या घरातले म्हातारबुवा कुंपणावर कोपरं टेकून हे बघत होते. देशाच्या आतल्या भागात त्यांची बरीच भटकंती झालेली. पाट्यांच्या पिकअपला अशा पिशव्या लावून बेदम सामान भरणाऱ्यांच्या गाड्यांची चॅसी मधूनच वाकलेली त्यांनी बघितली आहे, असं ते म्हणाले. कारण सोपं आहे. कमान आपलं ओझं चॅसीला दोन टोकांना वाटून देते. पिशवी मधोमध एकाच जागी रेटा देते. गोल स्प्रिंगेत ती भीती नाही, कारण रेटा आधीपासूनच त्या जागी असतो. मी मनात म्हटलं, आण्णांना हे सांगितलं पाहिजे. आणि लगेच म्हटलं, नको.

ओझं आणि वाकणं यांचा हिशेब रॉबर्ट हूकनं सतराव्या शतकात मांडला. तोही गमतीचा माणूस. शोध आपल्या नावावर राहावा, पण कुणी चोरूही नये म्हणून १६७६ मध्ये त्यानं तो नियम अक्षरांची उलथापालथ करून छापला आणि दोन वर्षांनी उलगडून सांगितला. जेवढं ओझं, त्याच प्रमाणात स्प्रिंगचं वाकणं. दुप्पट ओझं, दुप्पट वाकणं. हवेचं तसं नाही. ती दाबत गेलं की अधिकाधिक हट्टी होते. सित्रोएनच्या पॉल माजेसनं हवेऐवजी नायट्रोजन घेतला, जोडीला तेल घेतलं आणि १९५५ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्या कंपनीची डीएस ही गाडी त्यावर उभी राहिली. मागं एक माणूस बसवा नाहीतर पाच पोती टाका, ती आपली उंची स्वतःच सावरून घ्यायची. युरोपातले कॅरव्हॅन ओढणारे लोक तिच्यावर खूश होते. बंद करून ठेवली की मात्र ती हळूहळू जमिनीकडं बसत जायची आणि चालू केली की पुन्हा उठायची. कामाच्या वेळी ताठ आणि काम नसताना चक्क बसणारी गाडी. मला हे फार आवडलं. आपल्याकडं काम नसताना बसलेल्याला लगेच कुणीतरी काहीतरी म्हणतं.

दुपारी सामान भरणं सुरू झालं आणि खरा प्रश्न स्प्रिंगांचा नाही, हे कळलं. जड वस्तू कॅरव्हॅनच्या आखाच्या वर, खाली, मध्यावर ठेवायच्या. शेखर कागदावर चौकोन काढून बसला होता आणि मेघना स्वयंपाकघरातून एकेक वस्तू आणत होती. कुकर, पोळपाट-लाटणं, कणकेची पिशवी, मिक्सर, गोड्या मसाल्याचा डबा, लोणच्याची काचेची बरणी. "मिक्सर कशाला?" "चटणीला." "तीन दिवस चटणी नाही खाल्ली तर?" याला उत्तर मिळालं नाही, मिक्सर बाकाखाली, बरोबर आखावर गेला. पाण्याच्या टाकीतला प्रत्येक लिटर एक किलोचा, म्हणून ती अर्धीच भरायची ठरली. माझी बॅग मी गुपचूप स्वतःच मध्यावर नेऊन ठेवली.

हौसेनं घर ओढत हिंडायची ही तऱ्हा इंग्लंडात रुजवली ती गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरनं. १८८५ मध्ये त्यानं ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' नावाची घोड्यांची कॅरव्हॅन बांधून घेतली आणि ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत गेला. जवळजवळ दोन टनांचं महागड्या लाकडाचं घर, ओढायला दोन घोडे, बरोबर गाडीवान, कुत्रा आणि पोपट. नोकर तीनचाकी सायकलवर पुढं जायचा आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करायचा. त्याच्या काळापासून आजपर्यंत वजन जवळजवळ तेवढंच राहिलंय, याचं मला नवल वाटलं. माणसाला घराबाहेर पडायचं असतं, पण घराचे दोन टन त्याच्याच्यानं कमी होत नाहीत.

आणि हौसेशिवायही घरं ओढली जातात, हेही डोक्यात होतंच. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून आमच्याकडं येणारे ऊसतोडीचे ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, त्यात बाजली, पत्रे, भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरं. तिथं मिक्सर कुठं ठेवायचा, हा प्रश्न नव्हता. त्या ट्रॉल्यांच्या मागून जाताना आण्णा हॉर्न वाजवायचे नाहीत.

आम्ही प्रिन्सेस हायवेनं पूर्वेला लेक्स एन्ट्रन्सपर्यंत गेलो. तीनशेच्या वर किलोमीटर. रस्ता गुळगुळीत, दोन्हीकडं गिप्सलंडची हिरवी कुरणं. दुधाचा टँकर शेजारून गेला की आधी त्याची हवा कॅरव्हॅनला बाहेर ढकलायची आणि मग आत ओढायची. शेखरचे हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचे आणि पुन्हा सैल. मोकळ्या रस्त्यावर अशा लांबलचक जोडगाडीनं पुढच्या लांब वाहनापासून साठ मीटर अंतर ठेवावं, असा तिथला नियम आहे. त्यामुळं ओव्हरटेक करून मधे घुसणाऱ्याला जागा मिळते आणि तुम्हाला पुन्हा मागं व्हावं लागतं. भरलेल्या गाडीचा स्वभाव हळूहळू अंगात येतो. घाई राहत नाही. मागच्या सीटवर मला छान झोप लागली.

मुक्कामाच्या जागी तऱ्हतऱ्हेची मंडळी. निम्मी निवृत्त. त्यांना तिकडं 'ग्रे नोमॅड' म्हणतात. काहींनी राहतं घर विकून टाकलेलं आणि देशाला वळसा घालत फिरत राहिलेली. संध्याकाळी खुर्च्या टाकून बसली की बोलणं एकच. मागं किती वजन, कुठली स्प्रिंग, किती हवा. कुणाला नातवंडांविषयी विचारलं तर दोन वाक्यांत आटपायचं, आणि स्प्रिंगांविषयी विचारलं तर पाठीवर झोपून खाली टॉर्च मारून दाखवायचं.

परत आल्यावर कॅरव्हॅन सुटली. सामान उतरलं. दुसऱ्या दिवशी कचेरीला जाताना शेखरनं मलाही बरोबर घेतलं, आणि गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकावर दोघांची डोकी छताकडं गेली. मागच्या पिशव्यांत पंचवीस पौंड तसेच होते. त्यानं कडेला घेऊन, नंबरप्लेटपाशी बसून, नखानं व्हॉल्व दाबला. फुस्स करून हवा गेली. "सगळी नाही काढायची," तो म्हणाला. "पाच पौंड तरी ठेवायचे. पूर्ण रिकामी झाली तर पिशवी स्प्रिंगेत चिमटून फाटते."

आण्णांनी ट्रक विकला तेव्हा त्यांची तब्येत ठणठणीत होती. घरी बसल्यावर ते पहाटे चारला उठून माझ्या स्कूटरचे टायर अंगठ्यानं दाबून बघायचे. दूधवाल्याला दहा मिनिटं उशीर झाला की गल्ली जागी व्हायची. पेपर नीट घडी घातला नाही, पंखा चालू राहिला, चहा गोड झाला. दर खड्ड्याला आदळायचे. आम्हाला वाटायचं, वय झालं. मग बहिणीचं लग्न निघालं. वळवाच्या पावसात मांडव भिजला, ऐन वेळी आचारी फिरकला नाही, पंगतीला ठरल्याहून जास्त माणसं आली. आण्णा खुर्चीवर वही घेऊन बसले होते. आवाज चढला नाही. मांडववाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला चहा पाजला. आई स्वयंपाकघरातून बघत होती, मावशीला म्हणाली, "यांच्यावर काहीतरी लादा ग, म्हणजे घर शांत राहील."

मीही आता निवृत्त आहे. पहिल्याच महिन्यात मी घरातली सगळी घड्याळं एकमेकांशी जुळवून घेतली आणि बायको चार दिवस माहेरी राहून आली. आयुष्यभर ओझ्यासाठी अंगात चढवलेला ताठा ओझं उतरलं म्हणून आपोआप उतरत नाही. कुणाला तो नखानं दाबून सोडता येत असेल. आण्णांच्या पिढीत अशी सोय बसवलेली नव्हती. आणि आमच्यात असलीच तर कुठल्या नंबरप्लेटमागं आहे, हे मी अजून शोधतोय.

पिशव्यांतली हवा सोडली त्या रात्री आण्णांना व्हिडिओवर पिशव्या दाखवल्या. कराडला अजून दुपारच होती. शेखरनं फोन गाडीखाली नेला, टॉर्च मारला. आण्णांनी चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघितलं.

"रबर आहे होय? रबर वाळतं. एक पाटा चढवायचा की."

"आण्णा, या गाडीला पाटे नसतात. आणि जाड स्प्रिंग टाकली तर रिकामी गाडी आदळते. मेघनाची पाठ दुखते."

आण्णा थोडं थांबले. "मग रिकामी फिरवतोस कशाला?"

शेखरनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात आण्णांचा पुढचा प्रश्न आलाही होता: तिकडं डिझेल काय भाव आहे, आणि ते घर एवढं लांब ओढत नेलं, तर येताना काही माल मिळाला का?